डोळा मारणारं इंजिन

इंजिनाने पहिल्यांदा डोळा मारला तेव्हा किमयाला वाटलं, आपल्याला भास झाला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर मारत नाही ना! तिसऱ्यांदा मात्र ती ओरडलीच, "आजोबा, तुमचं इंजिन भलतंच वाह्यात आहे!"

भालचंद्र फेगडे, म्हणजे किमयाचे आजोबा, चष्मा पुसत खाली वाकले. टेबलावरच्या रुळांवर त्यांचं वीतभर लांबीचं लाल इंजिन उभं होतं. किमयाने कंट्रोलरचा (हातात धरून गाडी चालवायच्या पेटीचा) नॉब एक खटका पुढे सरकवला. समोरचा दिवा गेला. अजून एक खटका. दिवा आला. अजून एक. गेला.

"मोतीबिंदू झाला असेल," आजोबा म्हणाले. "माझ्या हातचं आहे. माझ्यावरच जायचं."

साल होतं २०६३. भुसावळहून सुटणाऱ्या खऱ्या गाड्या आता रुळांना न टेकता, ड्रायव्हरशिवाय धावत. त्यांना पुढे दिवाच नसे. अंधारात दिसायला त्यांना उजेड लागत नव्हता. पण रेल्वे कॉलनीच्या सभागृहात 'छोटी लाईन मंडळ' होतं. तिथे चार टेबलं जोडून मांडलेल्या रुळांवर जुन्या काळच्या गाड्या अजून फिरत. आजोबा खऱ्या गाडीच्या शेवटच्या ड्रायव्हरांपैकी एक. हे इंजिन त्यांनी पितळेचा पत्रा कापून, दोन वर्षं खपून बनवलं होतं.

मंडळाच्या प्रमुख वैजयंताबाईंना मात्र पितळेचं कौतुक नव्हतं. त्यांना शिस्तीचं होतं.

"फेगडे, पाच वाजता शाळेची मुलं येतील. मी सभागृहातले दिवे घालवणार आणि बोगद्यातून तुमची गाडी येणार. तेव्हा दिवा असा लपाछपी खेळला, तर इंजिन काचेच्या कपाटात. शोभेला!"

आजोबा हसले, पण ओठांनीच. त्या कपाटात गेलेलं इंजिन पुन्हा रुळावर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"बारकू!" किमयाने हाक मारली.

बारकू हा यार्डातला निवृत्त तपासनीस यंत्रमानव. सरकारी नाव 'निरीक्षक-बारा', पण ते नाव आता फक्त त्यालाच आठवायचं.

"दिवा न लागण्याची एक्केचाळीस कारणं आहेत," तो म्हणाला. "क्रमांक एक : इंजिन चोरीला गेलं आहे."

"अरे, ते समोर आहे!"

"क्रमांक एक रद्द. क्रमांक दोन : आपण डोळे मिटले आहेत."

"बारकू, पटकन कामाचं काही सांग रे!"

"क्रमांक अकरा : रूळ मळलेले आहेत."

किमयाने खोडरबर घेऊन सगळे रूळ घासले. आजोबांनी नवा दिवा बसवला. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्याने नव्या दिव्याने डोळा मारला. कंट्रोलरवर दिव्याचं वेगळं बटणही होतं. ते दाबून पाहिलं, तर इंजिनावर ढिम्म परिणाम नाही.

"जाऊ दे बाळा," आजोबा हळूच म्हणाले. "कपाटात निदान धूळ तरी कमी बसेल."

किमयाला ते ऐकवेना. ती रुळांकडे टक लावून बघत बसली. मग म्हणाली, "आजोबा, दोष रुळाचा असता, तर दिवा ठरावीक जागी गेला असता ना?"

तिने नॉब एका खटक्यावर ठेवला आणि हात काढून घेतला. इंजिनाने तीन फेऱ्या मारल्या. दिवा तिन्ही फेऱ्या बंद. दुसरा खटका. तिन्ही फेऱ्या चालू. तिसरा खटका, बंद. चौथा, चालू.

"जागेचा संबंधच नाही! विषम खटक्याला बंद, सम खटक्याला चालू."

"आणि आणखी एक," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे अधू असले तरी कान ड्रायव्हरचे होते. "पहिल्या आणि दुसऱ्या खटक्याला मोटरचा आवाज एकच आहे. तिसऱ्याला वाढतो, चौथ्याला तिसऱ्याइतकाच. एकाआड एक खटका वाया जातोय."

बारकूच्या छातीवरचा दिवा हिरवा झाला. "क्रमांक एकोणचाळीस!" तो आनंदाने म्हणाला. "दोघं वेगवेगळं मोजत आहेत."

"कोण दोघं?"

"रुळांतून वीज जाते, आणि त्याच विजेवर स्वार होऊन निरोपही जातात. कंट्रोलर निरोप पाठवतो. इंजिनाच्या पोटातला डिकोडर (निरोपाचा अर्थ लावणारा चिमुकला दुभाष्या) तो वाचतो. निरोप बिटांचा असतो. बिट म्हणजे एक 'हो' किंवा एक 'नाही', बस्स. वेगाच्या निरोपात अशी पाच बिटं येतात. आपण हात वर करा."

किमयाने हात वर केला.

"प्रत्येक बोट म्हणजे एक बिट. उघडं बोट 'हो', मिटलेलं 'नाही'. अंगठा सोडून चार बोटं किती तऱ्हांनी उघडता-मिटता येतील?"

किमयाने बोटं उघडून-मिटून मोजलं. दोनदा चुकली. "सोळा."

"त्यातल्या दोन तऱ्हा थांबण्यासाठी : एक साधं थांबायला, एक तातडीने. उरल्या चौदा. म्हणून जुन्या पद्धतीत वेगाच्या पायऱ्या चौदा, आणि अंगठा दिव्यासाठी. अंगठा उघडा, दिवा चालू."

"मग नव्या पद्धतीत?"

"चौदाच पायऱ्यांत गाड्यांना गचके बसत. म्हणून अंगठ्याला 'अर्धी पायरी वर' हे काम दिलं. चौदाच्या अठ्ठावीस झाल्या. दिव्यासाठी निराळा निरोप ठरला."

किमयाने टॉर्च काढून आजोबांच्या हातात कोंबला. "तुम्ही इंजिन व्हा. जुन्या पद्धतीचं. मी नवा कंट्रोलर."

तिने दोन बोटं उघडली. आजोबा टेबलाभोवती चालू लागले. मग तिने अंगठाही उघडला. आजोबांनी टॉर्च लावला आणि त्याच चालीने चालत राहिले.

"अहो, मी अर्धी पायरी वाढवली!"

"मला काय ठाऊक? आमच्या वेळी अंगठा म्हणजे दिवा!"

"असं कसं?"

"असंच! आणि माझं बटणही दाबू नकोस. तो निराळा निरोप मी ऐकतच नाही!"

दोघंही हसत सुटली. मग आजोबा एकदम थबकले. "म्हणजे त्या बिचाऱ्याचं चुकलेलंच नाही. माझ्या जुन्या कंट्रोलरला चौदाच खटके होते. त्यालाच जुळवून मी हा डिकोडर लावला होता. मंडळाने कंट्रोलर नवा आणला, आणि इंजिनाला कुणी सांगितलंच नाही!"

पावणेपाच वाजले होते.

बारकूने भराभर सांगितलं. डिकोडरमध्ये क्रमांक घातलेले कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्यात एकेक आकडा. एकोणतिसाव्या कप्प्यातल्या आकड्यावरून डिकोडर ठरवतो, अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा. किमयाने इंजिन उचलून बाजूच्या सुट्या रुळावर ठेवलं, नाहीतर टेबलावरची बाकी इंजिनंही तोच निरोप ऐकून बदलली असती. कप्पा वाचला : ४. अठ्ठावीस पायऱ्यांसाठी त्यात २ मिळवायचे. तिने ६ लिहिले आणि बटण दाबलं.

इंजिनाने इवलासा हिसका दिला.

"बिघडलं?" आजोबा घाबरले.

"नाही," बारकू म्हणाला. "त्याला तोंड नाही. 'समजलं' असं ते मोटर हलवून सांगतं."

पाच वाजता बावीस मुलं आत आली. वैजयंताबाईंनी दिवे घालवले. आजोबांनी दिव्याचं बटण दाबलं आणि नॉब फिरवला : एक, दोन, तीन, चार. बोगद्याच्या तोंडाशी आधी उजेड आला, मग इंजिन. दिवा कापसाच्या वातीसारखा स्थिर. मुलांनी 'आऽ' केलं. वैजयंताबाईंनी शेजारच्या रुळावर स्वतःची मालगाडी समोरून सोडली. बाईंच्या भाषेत हे शाबासकीपेक्षा मोठं होतं.

आणि आजोबा अचानक गडबडले. एक हात नॉबवर, दुसरा कंट्रोलरभर काहीतरी चाचपतोय.

"फेगडे, आता काय झालं?"

"दिवा मंद करायचं बटण कुठाय? समोरून गाडी आली की आपला दिवा मंद करायचा असतो. त्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो!"

मालगाडीच्या इंजिनात लवंगेएवढा ड्रायव्हर बसवलेला होता.

"अहो, तो प्लास्टिकचा आहे!" बाई म्हणाल्या.

"असेना. रात्रपाळीला आहे बिचारा."

अंधारात कुणीतरी खुसकन हसलं. किमया मात्र बारकूकडे वळली. "यासाठीही कप्पा असेल?"

"आहे. पण प्रत्येक डिकोडरचा वेगळा. पुस्तिका पाहावी लागेल."

वैजयंताबाईंनी आपली मालगाडी हळूहळू थांबवली. "मी उभी आहे," त्या म्हणाल्या. "आधी त्याची सोय करा."

"पण आता कुठलं बोट?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं. तिने मघाशी सगळ्यांच्या आधी येऊन दाराआडून टॉर्चचा सगळा तमाशा पाहिला होता. "पाचही संपली की!"

"बोटं वेगाची," किमया म्हणाली. "दिव्याला निराळा निरोप. निरोप हवे तेवढे पाठवता येतात. इकडे ये, टॉर्च धर."

तिने पुस्तिका उघडली. मालगाडी अंधारात उभी होती, आणि तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी बावीस डोकी टेबलावर वाकली.