वळणावर उतरणारा माणूस

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मोटारसायकल ढकलत होता.

येडशीच्या पुढं रामलिंगच्या जंगलाकडेनं रस्ता वळणं घेत खाली उतरतो. भाद्रपद अर्ध्यावर आला होता, तरी आभाळ उघडायचं नाव घेत नव्हतं. बारीक, चिवट पाऊस. रानात सोयाबीनच्या शेंगा काळ्या पडायला लागल्या होत्या आणि माणसांची तोंडंही तशीच झाली होती. मी घाटाखालच्या एका मैत्रिणीच्या साखरपुड्याहून एकटीच गाडीवर परतत होते. 'सृष्टी, तुझं कधी गं?' हा प्रश्न तिथं इतक्या जणींनी विचारला होता की हेल्मेटमध्येसुद्धा तोच घुमत होता.

वळणाच्या तोंडाशी हा दिसला. उंच, रेनकोट घातलेला, हँडल धरून रस्त्याच्या अगदी कडेनं गाडी वर ढकलत चाललेला. मी थांबले.

"पेट्रोल संपलं का?"

"नाही."

"मग पंक्चर?"

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "तुम्ही जा पुढं. मला वेळ लागतो."

मी पुढं गेले खरी, पण आरशात बघत राहिले. वळण संपल्यावर तो गाडीवर बसला, ती सुरू केली आणि नीट चालवत माझ्या बाजूनं निघून गेला. पुढच्या वळणाला पुन्हा खाली उतरला. आता मात्र मला राहवेना.

"तुम्ही प्रत्येक वळणावर असंच करता?"

"डावं असो, उजवं असो. भेदभाव नाही."

"आणि सरळ रस्त्यावर?"

"सरळ रस्त्यावर माणूस असतो," तो धापा टाकत म्हणाला. "वळणावर हमाल."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवरून गालांवर उतरत होतं, तो ते पुसतही नव्हता. मी सांगितलं, धाराशिवला शाळेच्या मैदानावर सकाळी मी गाडी शिकवते. बायकांना.

"पुरुष चालतात?"

"वळत असतील तर चालतात."

"तेच तर येत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात एका सकाळी आला, मैदानाच्या फाटकाशी गाडीवरून उतरला आणि ढकलतच आत आला. नाव कृष्णराज. येडशीत त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं. माझ्या वर्गात तेव्हा सगळ्या बायकाच. त्यातली सबिहा दवाखान्यात नर्स होती, तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाली, "मॅडम, ये तो चलाना जानते ना? मग शिकायला कशाला आलेत?"

"ते विसरायला आलेत," मी म्हणाले. काय विसरायला, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते त्यानंच सांगितलं, वर्ग सुटल्यावर, मैदानाच्या कठड्यावर बसून. गेल्या पावसाळ्यात त्याचा मोठा भाऊ अमरसिंह गाडीवर त्याच्या मागं बसला होता. घाटातलं वळण, ओला रस्ता, समोरून ट्रक.

"मी ट्रककडं बघितलं," तो म्हणाला, "आणि गाडी तिकडंच गेली. मग ब्रेक दाबला… मला नुसतं खरचटलं."

गाडी नजरेमागं जाते, हे मी रोज शिकवते. त्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडून निघेना.

त्याची वहिनी सोनाली आता घाटाखाली माहेरी राहत होती, लहानग्या गार्गीला घेऊन. दिवसकार्य झाल्यापासून तो तिकडं गेलाच नव्हता.

"एसटी जाते की."

"जाते. पण वहिनीसमोर एसटीनं जाऊन उभं राहायचं म्हणजे… मी अजून तिथंच पडलोय, हे सांगायला गेल्यासारखं. त्या दिवशी निघालो होतो गाडी घेऊन. अर्ध्यातनं परत फिरलो. तेव्हाच तुम्ही भेटलात."

मी मैदानावर चुन्यानं मोठं वर्तुळ आखलं.

"वळणाच्या आधी वेग उतरवायचा. एकदा आत शिरलात की ब्रेकची आठवण काढायची नाही. उजवीकडं जायचंय तर उजव्या हातानं हँडल हलकंच पुढं दाबा, गाडी आपोआप कलते. तिला कलू द्या. आणि नजर, वळण जिथं संपतं तिथं. हनुवटीसकट."

तो पुढच्या चाकाकडंच बघत राहायचा. पाय खाली टेकायचे, गाडी वर्तुळाबाहेर जायची.

"चाक कुठं पळून जात नाही. वर बघा."

"वर बघितलं की तुम्ही दिसता."

"मग?"

"मग चक्कर मोठी होते."

सबिहा जोरात खोकली. मी शिट्टी तोंडात धरली, म्हणजे हसू दिसू नये. मैदानावर असं हसणं चालायचं. पण तो गेल्यावर घरी येऊन मी खिडकीशी बसले की उगाच उदास वाटायचं. मला बघायला येणाऱ्या प्रत्येकानं एकच अट घातली होती — लग्नानंतर हे गाडी शिकवणं बंद. आणि हा एकटाच पुरुष माझ्याकडून काही शिकायला आला होता, तेही दुःखाच्या गावाला जायचा रस्ता.

त्याचं वर्तुळ हळूहळू लहान होत गेलं. पाय टेकायचे थांबले. मग आम्ही दोन गाड्या घेऊन घाटात गेलो. मी पुढं, तो मागं.

"माझ्या पाठीकडं बघायचं. मी जिथनं जाईन, तिथनंच यायचं."

पहिलं वळण झालं, दुसरं झालं. खाली थांबलो तेव्हा मी विचारलं, "बघितलंत ना नीट?"

"दुसरं काहीच बघितलं नाही," तो म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "पण हे एकट्याचं झालं. मागं कुणी बसलं की मला…"

"मी बसते."

"नको."

"का? मी काय वजन आहे का?"

"नुसतं वजन असता तर भीती नव्हती."

पाऊस आमच्या दोघांच्या मध्ये पडत होता. रस्त्याकडेच्या झाडावर वानरं अंग आखडून बसली होती. मी माझी गाडी चहाच्या टपरीशी लावली आणि त्याच्या मागं जाऊन बसले.

"मी ताठ बसणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही कलाल तशी मी कलेन. मागं कुणी आहे हे विसरू नका, पण त्याला भिऊही नका."

ज्या वळणावर ते घडलं होतं, तिथं पोचायच्या आधीच मला त्याच्या पाठीतला ताण कळला. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. त्यानं वेग उतरवला. गाडी क्षणभर अडखळली… मग त्याची मान फिरली, वळणाच्या टोकाकडं. गाडी कलली. मी त्याच्याबरोबर कलले. रस्ता आमच्या खालून सरकत गेला आणि पुढं मोकळा झाला.

त्यानं गाडी कडेला घेतली, स्टँड लावला आणि रस्त्याकडेच्या दगडावर खाली मान घालून बसला. मी शेजारी उभी राहिले. मग तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवत आणलं होतं — भावाचं वर्षश्राद्ध झालं की त्यानं वहिनीशी लग्न करावं. गार्गीला बाप मिळेल, घरातलं घरात राहील. वर्षश्राद्ध उरकलं होतं. सोनालीचे वडील हिंमतराव उत्तराची वाट बघत होते.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"उत्तर मला आधीच ठाऊक होतं. ते फोनवर द्यायचं नव्हतं. समोर बसून द्यायचं होतं. म्हणून तर शिकत होतो."

"काय उत्तर?"

त्यानं वर बघितलं. "तुम्हाला कळत नाही, असं नाही."

कळत होतं. ज्या बाईला मी कधी बघितलंही नव्हतं, तिच्या दारात हा माणूस 'नाही' घेऊन जाणार होता, आणि तिथवर जायला मीच त्याला शिकवलं होतं.

रविवारी गेलो. मी मागं बसून गेले, पण गावात शिरले नाही. फाट्यावरच्या हॉटेलात पत्र्याखाली बसले. तो एकटा गेला. पाऊस वाढला. चहा समोर निवत गेला, मी तो प्यायलेच नाही.

बराच वेळ गेला, आणि छत्री घेऊन एक बाई रस्त्यानं येताना दिसली. माझ्याच वयाची असेल. नवी कोरी आकाशी साडी, काठ चिखलानं भरलेले. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गाडी शिकवणाऱ्या तुम्हीच ना?"

मी उठून उभी राहिले.

"बसा. मी सोनाली." ती बाकावर टेकली, छत्री मिटली. "भाऊजी म्हणाले, फाट्यावर थांबल्यात. म्हणलं, बघून तरी यावं."

तिनं साडीच्या काठाचा चिखल बोटानं निपटला आणि तशीच, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी हो म्हणणार होते."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"प्रेमबीम न्हाई हो. ते एकदाच झालं. पण माणूस चांगला आहे. गार्गी त्यांच्या खांद्यावर झोपायची. मला वाटलं, निभेल. साडीपण आज घडी मोडून नेसले." ती थांबली. "त्यांनी अप्पासमोर सांगितलं. हात जोडून. अप्पा लई बोलले त्यांना. मी न्हाई बोलले."

"रागावलात?"

"व्हय. थोडी." मग तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "पण ते खाली मान घालून हो म्हणले असते, तर जन्मभर खालीच बघत राहिले असते. आज त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं. कितीतरी दिवसांनी."

"ताई, मी त्यांना अजून काही बोलले नाही…"

"बोलाल की." ती उठली. छत्री उघडता उघडता तिचा हात थांबला. "एकच सांगते. लग्न झालं की बायका असली नाती तोडतात. मी तुमच्या जागी असते तर मीपण तोडलं असतं. पण गार्गीला तेवढा एकच काका हाय. त्याला येऊ देत जा."

"मी घेऊन येईन त्यांना," मी म्हणाले.

ती पावसातून परत गेली. थोड्या वेळानं कृष्णराज गाडी घेऊन आला. डोळे लाल होते, पण मान वर होती. मी मागं बसले.

घाटाच्या पायथ्याशी त्यानं गाडी हळू केली. "सृष्टी, आता तरी…"

"आज नको विचारूस."

तो मान किंचित वळवून म्हणाला, "मला आत्ता 'तू' म्हणालीस."

"रस्त्याकडं बघ."

घाट चढलो. एकामागून एक वळणं. तो वेग उतरवत होता, टोकाकडं बघत होता, आणि मी त्याच्याबरोबर कलत होते. भावाच्या वळणावर त्यानं गाडी थांबवली नाही. वर सपाटीला आल्यावर मात्र मीच म्हणाले, थांबव.

उतरले आणि मला रडू आलं. त्या आकाशी साडीच्या काठाचा चिखल डोळ्यांपुढून हलेना. ज्या आनंदाची मी इतके दिवस वाट बघितली होती, तो आला तोच कुणाचं तरी काही घेऊन. कृष्णराजनं मला समजावलं नाही. जवळ येऊन उभा राहिला आणि माझ्याबरोबर भिजत राहिला.

डोळे पुसून मी म्हणाले, "विचार."

"आज नको म्हणालीस."

"ठाऊक आहे. तरी विचार."

"माझ्याशी लग्न करशील?"

"वर्ग बंद करणार नाही."

"मला अजून यू-टर्न नीट येत नाही. वर्ग बंद करून कसं चालेल?"

"मग हो," मी म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो नाही. त्यानं माझा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पाऊस कमी होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

दिवाळीनंतर साधंसं लग्न झालं. त्याच्या घरचे आले, पण मोकळे झाले नाहीत. घाटाखालून कुणी आलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिकडं गेलो. हिंमतराव आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत. सोनालीनं चहा ठेवला. गार्गी आधी दाराआड उभी राहून माझ्याकडं बघत होती, मग काकाच्या मांडीवर आली, मग हळूच माझ्या. तिथंच तिचा डोळा लागला.

सोनाली कप उचलायला आली. पोरीला माझ्या मांडीवर झोपलेली बघून थबकली. मला वाटलं, उचलून नेईल. तिनं दोरीवरची आपली शाल काढली, गार्गीच्या उघड्या पायांवर टाकली आणि कप घेऊन आत गेली.

आम्ही तिची झोप होईपर्यंत थांबलो.