चौथं चाक

गाडी आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि धाकटी खड्ड्यात उतरून एका जीपला खालून ग्रीस भरत होती. तिनं गाडी आधी पाहिली नाही, ऐकली. इंजिन ठीक, सायलेन्सर ठीक, पंख्याचा पट्टा थोडा जुना. मग गाडी गॅरेजाच्या उंबऱ्यावरून आत आली आणि कुठूनतरी आवाज आला. टक. जरा थांबून, टक-टक.

धाकटीचा ग्रीसचा हात तसाच थांबला.

हे गॅरेज थोरल्या मिस्त्रींचं, म्हणजे तिच्या वडलांचं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं तरी तिचं नाव धाकटीच राहिलं. तिला थोरली म्हणायला कुणी धजत नव्हतं आणि तिलाही घाई नव्हती. मिस्त्रींची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. चाक बसवून नट आवळले की ते व्हीलपान्यानं ठोकून बघायचे. आधी एक ठोका, मग कान देऊन थांबायचं, मग लागोपाठ दोन. नट घट्ट असला की खणखणीत वाजतो, सैल असला की बद्द. क्रमही ठरलेला. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं, मग मागचं, मग वळसा घालून पलीकडचं मागचं आणि शेवटी पलीकडचं पुढचं. हे चौथं चाक ठोकल्याशिवाय गाडी बाहेर जात नसे. "गाडी सोडताय की कलिंगड निवडताय, मिस्त्री?" म्हणून लोक हसायचे. मिस्त्रीही हसायचे, पण ठोकायचे.

आणि तरीही दीड वर्षापूर्वी एक टॅक्सी इथून निघाली आणि दहा मिनिटांत, पुलाच्या आधीच्या वळणावर, तिचं पलीकडचं पुढचं चाक निखळलं. चालवणारा जागच्या जागी गेला. त्याला सगळे साडेचार म्हणायचे, कारण त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी दारात चिरडली होती. भला माणूस. आला की "काय धाकटे, आज कुणाचं पोट फाडलंस?" असं विचारल्याशिवाय गाडीतून उतरत नसे.

मिस्त्रींनी नट सैल ठेवले, असं लोक बोलले. मिस्त्री म्हणाले, "गाडी माझ्या गॅरेजातून गेली. चूक माझी." यापलीकडे एक शब्द नाही. सहा-सात महिने ते गप्प बसून राहिले आणि मग गेले. त्यानंतर एका सकाळी पाटीवरच्या त्यांच्या नावावर कुणीतरी डांबर फासलेलं दिसलं. धाकटीनं पाटी उतरवली नाही की डांबर खरवडलं नाही. "राहू दे," ती म्हणायची. "ज्यानं फासलं त्याला येता-जाता दिसू दे. बाबांनी चाक ठोकल्याशिवाय गाडी सोडलेली नाही, हे मी मरेपर्यंत सांगणार." हे तिनं इतक्या जणांना, इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्या दिवसाचा मधला एक तुकडा आठवायचं तिनं सोडूनच दिलं होतं.

आता तीच टॅक्सी समोर उभी होती. रंग नवा होता, एवढंच. आतून उतरली साडेचारची बायको. नातेवाइकांनी तिला सांगितलं होतं, गाडी भंगारात घाल. तिनं त्यांना सांगितलं, भंगारात तुम्ही जा. दुसरीकडून दुरुस्त करून घेतली, लायसन्स काढलं आणि स्वतःच टॅक्सी चालवायला लागली.

"वहिनी..." धाकटी खड्ड्यातून वर आली.

"महिना झाला हा आवाज सुरू होऊन. तीन गॅरेजं झाली. पॅसेंजर घाबरून मधेच उतरतात." पूर्वी ती धाकटीला अगं-तुगं करायची. आज तिनं तोलून तुम्ही म्हटलं. "तुमच्या हातून गेलेली गाडी आहे. तुम्हीच शोधा."

"नाही सापडला तर?"

"तर चौकात उभी राहून सांगेन, बाप तसा आणि लेकही तशीच."

धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. "किल्ली ठेवा," ती म्हणाली. "तीन दिवसांत तुमच्या हातात आणून देते तो आवाज."

शेजारचा पंक्चरवाला काका ट्यूबमध्ये हवा भरता भरता हे सगळं ऐकत होता. टॅक्सीवाली गेल्यावर तो हळूच जवळ आला. "नको हात लावूस, पोरी. असल्या गाडीत कुणीतरी बसलेलं असतं."

"बसू दे की. सीटबेल्ट लावायला सांगते."

काका मान हलवत ट्यूबकडे परत गेला.

'आवाज आहे म्हणजे त्याला जागा आहे,' असं मिस्त्री म्हणायचे. धाकटी ती जागा शोधायला लागली. पहिल्या दिवशी सीटा काढल्या. खाली एक पेनाचं टोपण, केसांचे दोन आकडे आणि एक बटण सापडलं. दारांचे पत्रे उघडून आत चिंध्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड उतरवला, सांध्यांतले रबरी बुश बदलले, लांब पेचकसाचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून गाडीचा सांधा न् सांधा ऐकला. उभ्या गाडीत काही नाही. चालवायला घेतली की आवाज गावात मनात येईल तेव्हा यायचा आणि पुलाच्या रस्त्याला हमखास. टक. टक-टक. पुढे बसून ऐकलं तर मागून वाटायचा, मागे वळून पाहिलं तर पुढून.

त्या दिवशी जेवायला वाढताना आई म्हणाली, "त्यांचाच ठोका आहे ना गं तो?"

"लोखंडाचा आवाज आहे, आई."

"मग भाकरी का मोडवत नाहीये तुला?"

"दोन दिवस सीटा उचलतेय, म्हणून," धाकटी म्हणाली आणि जेवून उठली. भीती वाटतच होती. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला होता. ज्या आवाजावर बाबांनी उभी हयात काढली तोच आवाज आता त्यांच्या नावाला काळं फासायला निघाला होता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं टॅक्सीवालीला बोलावलं. चारही चाकांचे नट सकाळीच स्वतः आवळले होते. "तुम्ही चालवा. मी डिकीत झोपते. पुढे बसलं की आवाज चहूकडून येतो, बंद डिकीत दिशा कळते."

"गुदमराल."

"दहा मिनिटांत कुणी गुदमरत नाही. झाकणाच्या खटक्याला आतून दोरी बांधली आहे, ओढली की उघडतं. पुलापर्यंत जायचं, सावकाश. बोलायचं नाही."

झाकण पडलं आणि बाहेरचं ऊन एका क्षणात संपलं. कुलपाच्या भोकातून सुईएवढा उजेड येत होता, तेवढाच. स्टेपनीच्या रबराचा वास, जुन्या पेट्रोलचा वास, खाली धुळीची करकर. धाकटी कुशीवर वळली आणि पेचकस कानाला लावून पडून राहिली. गाव मागे पडल्याचं तिला रस्त्यावरून कळलं. कारखान्याच्या भिंतीजवळची खडबडीत गिट्टी सुरू झाली.

टक.

पुढून. ड्रायव्हरच्या बाजूनं. मग थांबून, टक-टक.

फिरत्या चाकावर कुणालाही असं ठोकता येत नाही. गाडी तीसच्या वेगानं चालली होती. धाकटीनं श्वास रोखला. पुढचा ठोका तिच्या डोक्यापाशी, हातभर अंतरावर पडला. टक... टक-टक. मागचं चाक. आणि मग जे ऐकू आलं ते लोखंडाचं नव्हतं. कुणीतरी चप्पल फरफटत, सावकाश, डिकीला वळसा घालत होतं. धावत्या गाडीच्या मागे. चप्पल तिच्या डोक्याकडून पायांकडे गेली. टक... टक-टक. तिसरं चाक.

धाकटी चौथ्याची वाट बघत राहिली. चौथा ठोका पडला नाही. चपलेचा आवाजही थांबला, रस्त्याची घरघर कुठेतरी दूर गेली आणि डिकीत रॉकेलचा वास भरला. काम संपलं की मिस्त्री रॉकेलनं हात धुवायचे.

तिनं दोरी ओढली. झाकण उघडलं नाही. पुन्हा ओढली.

"घाबरवता कुणाला?" ती दातओठ खात म्हणाली. "मी तुमचंच नाव राखतेय ना? मग... मग थांबलात कशाला?"

उत्तर नाही. ही शांतता तिच्या ओळखीची होती. कुणीतरी प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं होतं. दीड वर्ष बाजूला सारलेला तो तुकडा मग अंधारात आपणहून समोर आला. मिस्त्रींनी तीन चाकं ठोकली होती. चौथं धाकटीनं बसवलं होतं. चाक हवेत असताना नट हातानं फिरवून बसवायचे आणि जॅक खाली घेतला की पान्यानं शेवटचं आवळायचं, अशी पद्धत. जॅक खाली आला आणि तेवढ्यात साडेचारनं काहीतरी थट्टा केली, ती हसत उठली, पाना बाजूला राहिला. आत फोन वाजला म्हणून मिस्त्री गेले होते. तिथूनच ओरडले, "चौथं ठोकलंस का गं?"

आणि तिनं सांगितलं होतं, "हो बाबा, ठोकलं."

नंतर त्यांनी तिला पुन्हा कधीच विचारलं नाही. एकदाही नाही.

"नाही ठोकलं," धाकटी अंधारात म्हणाली. मग छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं, "नाही ठोकलं, बाबा!"

गाडी एकदम थांबली. हातातल्या दोरीनं झाकण आपसूक उघडलं आणि डोळ्यांवर ऊन आलं. टॅक्सीवाली धावत मागे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी ब्रेक मारला नाही," ती म्हणाली. "गाडीच थांबली. तुम्ही आतून काही केलंत का?"

"मी काय म्हणाले ते ऐकलंत?"

"या खडखडाटात काय ऐकू येणार? सापडला का आवाज?"

वळण पुढे दहा पावलांवर होतं. धाकटी डिकीच्या काठावर बसली. म्हणजे हिनं काही ऐकलंच नव्हतं. एखादा बुश बदलला, झाला आवाज बंद, असं म्हणून सुटता आलं असतं. बाबा तर गेलेच होते, आणि चूक माझी म्हणून गेले होते.

"सापडला," ती म्हणाली. "वहिनी, ते चाक बाबांनी नाही, मी बसवलं होतं. शेवटचं आवळायचं राहिलं. बाबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

टॅक्सीवाली पुलाकडे वळली.

"दीड वर्ष मी तुमच्या वडलांना शिव्या घातल्या," ती म्हणाली. "उठताना आणि झोपताना. पाटीवर डांबरही मीच फासलं."

"आता माझं नाव लिहिते तिथं. डांबर उरलं असेल तर आणा."

"आणीन. माफ करणार नाही मी तुला."

"मागत नाहीये."

"मग ऊठ," टॅक्सीवाली म्हणाली. "चौथं चाक बघ."

धाकटीनं पाना घेतला. चारांतला एक नट तिच्या दोन बोटांनी फिरला. सकाळी तिनं तो अंगातलं सगळं बळ लावून आवळला होता. तिनं तो पुन्हा आवळला. टक. कान दिला. टक-टक. खणखणीत. परतीच्या वाटेवर गाडीतून एकही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं चौकात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. पंक्चरवाल्या काकाला कुठं बघावं कळेना. आई दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी पाटी पुसायला स्वतः रॉकेल घेऊन आली. बाबांचं नाव स्वच्छ झालं, खाली धाकटीचं आलं. त्यावर टॅक्सीवालीनं शब्दाप्रमाणे डांबराचा एक पट्टा ओढला. तो अजून आहे.

टॅक्सीवाली रोज सकाळी पहिल्या पॅसेंजरच्या आधी येते आणि चारही चाकं ठोकून घेते. तीन चाकं नेहमी ठीक असतात. चौथ्याचा एक नट रोज बोटांनी फिरतो. धाकटीनं नट बदलले, बोल्ट बदलले, अख्खं चाक बदललं. गाडी रात्रभर कुलपात असते आणि किल्ली टॅक्सीवालीच्या उशाशी. "बाबांचा अजून विश्वास बसलेला नाही माझ्यावर," असं म्हणून धाकटी ते हसण्यावारी न्यायची.

मग एक दिवस भरपूर धूळ उडाली. दुसऱ्या सकाळी टॅक्सीवाली पहिल्यांदाच त्या चाकाजवळ वाकली. धुळीनं माखलेल्या रिमवर, नट पिळताना आधाराला टेकावा तसा, एक हात उमटला होता. डावा. अंगठा, तीन बोटं, आणि शेवटी अर्धी करंगळी.

सवयीनं धाकटीचा हात फडक्याकडे गेला.

"पुसू नकोस," टॅक्सीवाली म्हणाली.

धाकटीनं फडकं खाली ठेवलं आणि पाना नटावर चढवला. "साडेचारदादा," ती मोठ्यानं म्हणाली, पलीकडे काकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "तुम्ही रोज सैल करा. मी रोज आवळीन. बघू कोण आधी दमतं."

टक. थांबून, टक-टक.

टॅक्सीवाली स्टिअरिंगवर बसली. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा तिनं ओढून खटक्यात लावला, आणि गाडी पुलाच्या रस्त्याला लागली. गाडी समोरून जाताना धाकटी तिच्या काचेतून आत बघत होती. पट्टा सीटला टेकला नाही. वीतभर पुढे, ताणलेलाच राहिला.