खिडकीवरच्या सौ.

परतीचा पाऊस सोलापुरात सांगून येत नाही. त्या दिवशी त्यानं मला बाळीवेशीत गाठलं. पावतीपुस्तक ओढणीत गुंडाळून मी समोर दिसेल त्या दारात शिरले. ती लाकडाची वखार निघाली. सागवानाचा वास, सगळीकडे भुसा, आणि हातात रंधा घेतलेला एक उंच माणूस.

"पुस्तक हिकडं द्या," तो म्हणाला. "तुमी भिजला तर वाळताल. पावत्या न्हाई वाळायच्या."

हसावं की रागवावं, कळेना. तिथून पुढे तीन महिने मला काहीच धड कळलं नाही.

मी पूनम. कॉलेजात मराठी शिकवते आणि कवी शिवशरणांचं घर वाचवायची मोहीम चालवते. शंभर वर्षांपूर्वी हातमागावर बसून कविता रचणारा हा माणूस. त्याचं दोन खोल्यांचं, सपाट मातीच्या छताचं माळवदाचं घर पडायला आलं होतं. घराचे मालक आबासाहेब मोहोळला असतात. ते म्हणाले, संक्रांतीपर्यंत दुरुस्ती पुरी करून दाखवा, नाहीतर जागा विकतो. मग मी देणग्या मागत दारोदार फिरू लागले. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरही देणाऱ्याचं नाव असतं, म्हणून मी घरच वाटून टाकलं... कुणाची पायरी, कुणाची तुळई, कुणाचं दार. ज्याचं त्याचं नाव त्या त्या वस्तूवर.

अट एकच. बाईचं नाव नुसतं 'सौ.' म्हणून येणार नाही, पूर्ण लिहायचं. कवीच्या बायकोनं त्या घरात जन्मभर मागाच्या कांड्या भरल्या, दागिने मोडून त्याचं पुस्तक छापलं, आणि तिचं नाव मला एकाही कागदावर सापडलं नाही. सगळीकडे 'कवींची पत्नी'. मला त्याचा अजून संताप येतो.

पाऊस दोन तास थांबला नाही. हे सगळं मी त्या वखारीत सांगून टाकलं, आणि तो रंधा बाजूला ठेवून ऐकत राहिला.

"उत्तरेची खिडकी माझी," शेवटी तो म्हणाला. "जुनं सागवान हाय. मीच करून बसवतो."

"नाव?"

"सिद्धाराम." मग मान खाली घालून, "पावती श्री. व सौ. अशी फाडा."

माझं पेन उगीचच अडखळलं. "सौ.चं नाव सांगा. पूर्ण."

"ते... मागनं सांगतो की."

दुसऱ्या आठवड्यापासून तो घरावरच कामाला आला. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडायचा आणि अर्धा माझ्यापुढे सरकवायचा.

"मॅडम, एखादी कविता वाचा की. रंधा बरा चालतोय."

"कविता रंध्यासाठी असते का?"

"मग माज्यासाठी वाचा."

मी वाचायचे. का वाचायचे, देव जाणे. एकदा माझ्या केसांत भुसा अडकला. त्यानं हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि म्हणाला, "भुसा हाय... तुमीच काढा." बास, एवढंच. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

दर आठवड्याला मी नाव विचारायचे आणि तो हसायचा. "सांगतो की. घाई काय हाय?" बायकोचं नाव सांगायला लाजणारा माणूस माझ्याकडे बघताना मात्र लाजत नव्हता. मला त्याचा राग यायचा, आणि तो एक दिवस आला नाही तर जास्त राग यायचा. स्पष्टच सांगते, मला तो आवडला होता. कुणाच्या तरी नवऱ्यावर माझा जीव जडला होता, आणि त्या न पाहिलेल्या बाईपुढे मला रोज खाली मान घालावीशी वाटत होती.

संक्रांत चार दिवसांवर आली. नावं रंगवणारे चांदसाब ब्रश पुसत म्हणाले, "सबके नावां हो गए, मॅडम. खिडकीच बाकी है."

मी ठरवलं, खिडकी परत करायची. भिंतीत भोक राहिलं आणि आबासाहेबांनी घर विकलं तरी चालेल, पण हे नको. तडक वखारीत गेले. दारात एक म्हातारी तूर निवडत बसली होती. सिद्धारामची आई, सुंदरम्मा.

"तुमच्या सूनबाईंचं नाव हवं होतं," मी म्हणाले.

"अय्यो, कुठली सून? चार वरसं झाली, मी बी हेच इचारतीय त्याला." त्या माझ्याकडे नीट बघू लागल्या.

आतून सिद्धाराम आला आणि जागीच थबकला.

"खोटी पावती फाडायला लावलीत मला," मी पावतीपुस्तक त्याच्यापुढे धरलं.

"खोटी न्हाय. आगाऊ." तो हातावरचा भुसा झटकू लागला. "लाकडावर एकदा नाव आलं की मधी दुसरं घालाय जागा ऱ्हात न्हाय. म्हणून जागा धरून ठिवली."

"कुणासाठी?"

"पुस्तक कोरडं ठिवून सोता भिजत आलती ना... तिच्यासाठी. तुमी सारखं नाव इचारायचा. तुमचंच नाव तुमाला कसं सांगू, मॅडम?"

"दोन तासांत ठरवलंत हे सगळं?"

"पाऊस थांबला म्हणून दोनच तास. न्हाईतर अजून बोलला असता तुमी."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्हीपेक्षा जास्त राग आला. मला न विचारता मला 'सौ.' करून ठेवलं होतं यानं. ज्या गोष्टीसाठी मी गावभर भांडत होते, तीच. मी पुस्तक उघडलं आणि त्याच्या पावतीवर आडवी रेघ मारली.

त्याचा चेहरा पडला. "अन् खिडकी?"

"खिडकी राहील." मी नवी पावती लिहायला घेतली. गावभर मागत फिरले होते आणि त्या घरात माझं स्वतःचं काहीच नव्हतं. "अर्धी तुमची, अर्धी माझी. माझे पैसे मी भरणार."

सिद्धाराम व पूनम, असं लिहिलं. श्री. नाही, सौ. नाही. त्यानं पावती दोनदा वाचली.

"म्हंजे... ही नुसती देणगी, का..."

त्याला काही कळेना, हे बघून मला फार बरं वाटलं. थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग त्याच्याच बोलीत म्हणाले, "व्हय."

सुंदरम्मांनी सूप खाली ठेवलं. "पोरी, नाव काय म्हणलीस गं तुझं?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा सांगितलं.