मागच्या दाराची शिट्टी

"ठोके ऐकू येतायत का?"

ती दचकली. दचकणारच! भर दुपारी, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी चकचकीत काळ्या सेदानच्या मागच्या डाव्या दाराला कान लावून ती उकिडवी बसली होती. एक डोळा मिटलेला, आणि बोटानं काचेच्या कडेचं रबर दाबून बघणं चाललेलं. वर बघितलं तर समोर एक उंच माणूस, हातात किल्ली, चेहरा अगदी गंभीर... पण डोळे मेले हसत होते.

"गाडी तुमची?"

"जेवायला गेलो तेव्हा तरी होती."

"मी... रबर बघत होते."

"कानानं? कानाला काही त्रास असेल तर वर दुसऱ्या मजल्यावर या. मी कानाचाच डॉक्टर आहे."

ती गुडघे झटकत उठली. थाप मारावी की खरं सांगावं? धड थापही सुचेना, म्हणून खरंच सांगितलं, "मी गाड्यांची परीक्षणं लिहिते. मासिकात."

डॉक्टरचं हसू अर्ध्यावर थबकलं. "म्हणजे... शिट्टीबाई?"

"हे नाव तुमच्याच मालकमंडळानं ठेवलंय. फार आभारी आहे!"

झालं होतं असं, की या महागड्या सेदानवर तिनं भरभरून लिहिलं होतं. सीट अशी की बसणारा वय विसरतो, इंजिन असं की चालू आहे का ते विचारावं लागतं. सगळं गोड गोड. फक्त एक वाक्य — 'वेग वाढला की मागच्या डाव्या दारातून एक बारीक शिट्टी येते आणि थांबत नाही.'

बस्स! मालकांच्या फोनमधल्या ग्रुपवर आग लागली. 'बाईंच्याच कानात वारं शिरलंय,' एकानं लिहिलं. 'स्वतःकडे सायकल तरी आहे का?' दुसऱ्यानं विचारलं. तिसरा म्हणाला, 'माझ्यात कुणीही दोष काढा, माझ्या गाडीत नाही.' मंडळाचे अध्यक्षकाका — आयुष्यभर इमारती बांधून आता निवांत झालेले — त्यांनी थेट संपादकांना फोन लावला. एकाही मालकाला शिट्टी ऐकू येत नाही म्हणजे बाईंनी मनानं ठोकून दिलंय!

संपादकांनी तिला सुनावलं, "रविवारी त्यांचा मेळावा आहे. 'हो, वाजते' म्हणणारा एक तरी मालक उभा कर. नाहीतर तिथंच माफी माग, आणि सदर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याकडे."

सदर म्हणजे तिचा जीव होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, आता तिचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडायला लागला होता. परीक्षणाच्या दिवशी मागच्या सीटवर सोबत बसलेला फोटोग्राफर? तो सगळा वेळ कानात गाणी कोंबून बसला होता!

"एक कबूल करतो," डॉक्टर मान खाजवत म्हणाला. "आज सकाळी मीही लिहिलंय. 'अशी शिट्टी मुळीच नाही. एका कानाच्या डॉक्टरचा शब्द.' ग्रुपवर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला."

"मागच्या सीटवर बसून ऐकलंत?"

"मागे कशाला बसेन? मालक ना मी!"

तिनं हात पुढे केला. "द्या किल्ली."

त्यानं त्या हाताकडे बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं... आणि दिली.

गाव मागे पडलं, मोकळा रस्ता लागला. ती चालवत होती आणि मालक मागे, काचेला गाल चिकटवून, शाळेच्या बसमधल्या पोरासारखा.

"छान चालवता हो तुम्ही."

"मागून काय दिसतं?"

"आरशात डोळे दिसतात."

"डोळे नाही डॉक्टर, कान वापरा!" ती म्हणाली खरी, पण पुढच्या वळणावर नजर आपोआप आरशात गेली. तो बघतच होता. तिनं घाईघाईनं वेग वाढवला.

आणि आरशातला चेहरा एकदम बदलला. त्यानं मान ताठ केली. एक कान लावला, मग वळून दुसरा. मग श्वास रोखला...

"आली? डॉक्टर, आली ना?"

तो काचेपासून सरकून नीट बसला.

"अहो!"

"रविवारी सांगतो."

"म्हणजे?"

"म्हणजे... रविवारी सांगतो."

तिनं गाडी कडेला घेतली, उतरली, किल्ली त्याच्या हातावर आपटली. "सकाळचा शब्द फारच जड झाला वाटतं!"

"तसं नाही, ऐका तरी —"

"ऐकायचं काम तुमचं होतं!" असं म्हणून तिनं समोरून येणाऱ्या टॅक्सीला हात केला, आणि मागे वळूनही बघितलं नाही. म्हणजे, एकदाच बघितलं.

घरी आईनं दारातच विचारलं, "मिळाला का कुणी 'हो' म्हणणारा?"

"मिळाला होता. म्हणे रविवारी सांगतो."

"दिसायला कसा आहे?"

"आई!!"

रविवारी सकाळी मैदानात सेदान ओळीनं उभ्या होत्या, धुतलेल्या, पुसलेल्या, वधूपक्षाकडे निघाल्यासारख्या. अध्यक्षकाकांनी घसा खाकरला. "बाई, आम्ही मोठ्या मनाची माणसं आहोत. दोन शब्दांत माफी मागा, मग चहा घेऊ."

ती उभी राहिली. माफी मागायची म्हणजे आपल्याच कानांना खोटं ठरवायचं... तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, एक मिनिट!"

डॉक्टर! हातात एक छोटं यंत्र आणि स्पीकर.

"माफीआधी गंमत म्हणून कान तपासू या. फुकट आहे. मी आवाज लावतो, ऐकू आला की हात वर."

फुकट म्हटल्यावर सगळे काका खुर्च्या ओढून बसले. पहिला आवाज, जाडसर. सगळे हात वर. दुसरा, त्याहून बारीक. बरेचसे हात वर. मग डॉक्टरनं बटण फिरवलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

तिच्या कानात सुई शिरल्यासारखं झालं. तीच ती! तिचा हात झटकन वर गेला. अध्यक्षकाकांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, काकूंचाही.

बाकी सगळे काका आपले वाट बघतायत.

"अरे, लाव की!" अध्यक्षकाका वैतागले.

"लावलाय काका. केव्हाचा."

"कुठंय?"

"अहो, वाजतोय!" काकू ओरडल्या. "आपल्या गाडीत वाजतो तोच! मागे मी बसते, उन्हाळ्यापासून सांगतेय यांना. तर म्हणे, तुझ्या डोक्यात वाजतं!"

मैदानात हशा पिकला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काका, दोष तुमचा नाही," डॉक्टर म्हणाला. "वय वाढलं की कान सगळ्यात आधी बारीक आवाज सोडून देतात. पण मला तर सगळं ऐकू येतं, आणि मी मागे न बसताच शब्द देऊन मोकळा झालो. तो शब्द परत घेतो. शिट्टी वाजते. माझ्याही गाडीत वाजते." मग तिच्याकडे बघून, जरा हळू, "यांचे कान एकदम खरे आहेत."

मग काका स्वतःच मोठ्यानं हसत सुटले. "बाई, बसा खाली! माफी तर आम्हीच मागायला हवी. संपादकांना मीच फोन करतो. आणि तुला गं," काकूंकडे वळून, "काय हवं ते माग."

"पुढची सीट," काकू म्हणाल्या.

परतताना डॉक्टर म्हणाला, सोडतो घरी. ती बसली, पण तोंड फुगवूनच. फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती, सगळ्यांच्या काचा खाली, गप्पा चालू.

"तेव्हाच का नाही सांगितलंत? झोप उडाली होती माझी."

"एकट्याचा 'हो' काकांनी उडवून लावला असता. आणि... खरं सांगू? घाबरलो. सकाळी दिलेला शब्द दुपारीच गिळायचा म्हणजे..."

"आज बरा गिळलात, सगळ्यांसमोर."

"दोन दिवस तुम्ही टॅक्सीत बसून जातानाच दिसत होतात." त्यानं स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली, आणि पुटपुटला, "मला तुम्ही आवडता."

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण इतक्या सहज सोडायची नव्हती ती!

"काय म्हणालात? नाही ऐकू आलं."

"मला... तुम्ही आवडता."

"जरा मोठ्यानं?"

"अहो, मला तुम्ही आवडता!" तो ओरडलाच.

पुढच्या गाडीतून अध्यक्षकाकांचं डोकं बाहेर आलं. "डॉक्टर, हे मात्र मला ऐकू आलं!"

"त्या काय म्हणतायत ते विचारा आधी!" शेजारून काकू.

ती लाजेनं सीटमध्ये बुडाली. मग त्याच्याकडे झुकली आणि काहीतरी बोलली... इतकं हळू, की काकांनी कानामागे पंजा धरला, काकू निम्म्या खिडकीबाहेर आल्या, तरी कुणाच्या हाती काही लागलं नाही.

रांग हलली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, पण डॉक्टरची गाडी जागची हलेना. तो नुसता बसून होता, आणि त्याच्या दोन्ही कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"चल की आता," ती म्हणाली, आणि काच वर केली.