सिद्धलिंगप्पांच्या ओसरीची भिंत

"भिंत माजी हाय, पन हे काम माजं न्हाय!"

येडू गवंडी सकाळपासून हेच सांगत होता. सिद्धलिंगप्पांनी त्याला दाराबाहेरच्या पायरीवर बसवलं होतं आणि अख्खी गल्ली बघत होती. तीन पिढ्या त्याच्या घराण्यानं सोलापुरातल्या भिंती गिलावल्या. आज चोर ठरला, तर कुणी त्याला उंबरा ओलांडू देणार नव्हतं.

खासगी तपास करणारे रामहरी ओसरीत शिरले. मागोमाग त्यांचे मित्र, पेन्शनीतले हवालदार जोतीराम.

चैत्राचं ऊन भिंतीवर पसरलं होतं. नवा गिलावा सायीसारखा ओलसर, मऊ दिसत होता. मध्ये मात्र वीतभर भोक, कडेला भेगाळलेला पांढरा लेप.

"पत्नी लिंगैक्य झाली, तिच्यामागं राहिलेली सोन्याच्या पुतळ्यांची माळ या कोनाड्यात होती," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "आमच्या लेकीच्या, दाक्षायणीच्या लग्नासाठी. जुना गिलावा ढासळला, कोनाडा उघडा पडला. काल येडूनं माळ आतच ठेवून आम्हा सगळ्यांसमोर तो बुजवला. आज उकरला तर आत नुसती माती."

"उकरायला लावलं कुणी?"

"यानंच. भिंत घोटायला आला आणि भेगा बघून ओरडला."

"मुद्दाम ओरडला असंल," जोतीराम कुजबुजले.

रामहरींनी लेपाचा तुकडा चिमटीत चुरडला. पिठासारखी भुकटी झाली. शेजारचा गिलावा बोटांना वाळूनं खरखरीत लागला.

"रात्रीपासून घरातलं कोण बाहेर गेलं?"

"कुणी नाही. रात्रीची कडी सकाळी मीच काढली, तेव्हापासून दाराशीच आहे."

रामहरी पायरीशी गेले. "येडू, काल उरलेला चुना कुठं ठेवलास?"

"घरी न्हेला की. घमेलं धुऊन पालथं घातलं."

सिद्धलिंगप्पांची विधवा बहीण दानम्मा पदर खोचून पुढं आली. "पहाटे मी परसात सारवत होते. माझ्यावर संशय?"

"सारवण्याआधी काय करता, दानम्मा?"

"अय्यो, एवढं ठाऊक नाही? पाणी शिंपडते. कोरडी जमीन शेण धरत न्हाय की!"

दिवाणजी मानसिंग ओसरीतच झोपत. मांडीवर पानाचा डबा घेऊन ते म्हणाले, "डोळा लागला होता, काही ऐकलं नाही."

"दिवाणजी, एक विडा होऊन जाऊ द्या," जोतीरामांनी हात पुढं केला.

मानसिंगनी क्षणभर डबा धरून ठेवला. मग ओल्या फडक्यातून दोन बोटांनी पान ओढलं, कात-सुपारी घालून दिलं. जोतीराम बराच वेळ चघळत राहिले.

दानम्मा हसल्या. "हवालदार, तोंड रंगलंच न्हाय की! घरच्या बाईचा जीव न्हाय वाटतं तुमच्यावर."

जोतीराम ओशाळले. रामहरी मात्र हसले नाहीत.

"माळ घरातच आहे," ते म्हणाले. "येडूनं भोक बुजवलं असतं, तर कळलंही नसतं. दानम्मांनी बुजवलं असतं, तर आधी भिंत भिजवली असती. चोरानं भोकात कोरडी माती भरून तिच्यावरच लेप दिला, मातीनं त्यातलं पाणी शोषलं आणि तो तडकला."

"पण चुना आणला कुठून?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं. "येडूनं तर कणही ठेवला नव्हता."

"म्हणून तर या लेपात वाळू नाही. हा खायचा चुना. चुन्याशिवाय विडा रंगत नाही, जोतीराम. वहिनींना बोल लावू नका. दिवाणजी, डबा उघडा."

मानसिंगनी डबा उघडला. चुन्याची डबी पुसून कोरडी. ओल्या फडक्यात, पानांच्या गड्ड्याखाली, पुतळ्यांची माळ.

"रोज डोळ्यांसमोर भिंत..." मानसिंग पुटपुटले. "आत काय आहे ते कळल्यापासून झोपच उडाली."

जोतीरामांनी त्यांचं मनगट धरलं.

सिद्धलिंगप्पा दाराशी गेले, हळू आवाजात म्हणाले, "चुकलो रे, येडू. आत ये. भिंत पुरी कर."

येडू उठला नाही. गल्लीतल्या माणसांकडं त्यानं एकदा बघितलं.

"आप्पा, सकाळी चोर म्हनताना एवढा हळू बोलला न्हवता."

सिद्धलिंगप्पा थांबले. मग पायऱ्या उतरून, भर गल्लीत उभे राहिले आणि पेठेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "येडू गवंडी चोर नाही! खोटा मी पडलो!"

येडूनं घमेलं उचललं आणि उंबरा ओलांडून आत गेला.