अकरा इंच पाठ

माझ्या हृदयाची नळी तुंबली होती. मनगटातून तार घालून डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि गोळ्या लावून दिल्या. आठव्या दिवशी अंगभर लाल चट्टे.

"घामोळं असेल, आजी," छोटा डॉक्टर म्हणाला.

"चाळीस वर्षं कपडे बेततेय मी. घामोळं वेडंवाकडं उठतं. हे पट्टी लावून आखल्यासारखं आलंय."

तो हसला. मोठ्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. रक्त पातळ करायची गोळी अंगावर उलटलीय, कातडी सुटेल, म्हणाल्या. गोळी बदलली आणि मला काचेच्या खोलीत एकटीला हलवलं.

कातडी सुटली. पोटावरून अख्खा तुकडा सुटला. वर गळ्याचा गोल, खांद्याचा उतार, दोन्हीकडे बाह्या जोडायचे मुंढे. कडा कात्रीनं कापाव्यात तशा.

सून मास्क बांधून शेजारी बसली होती. दुकानात माझ्याच हाताखाली शिकलेली. हा फ्रॉकचा काप आहे, हे तिला सांगावं लागलं नाही.

"पर्समधली टेप काढ."

"आई, नको ना..."

"काढ म्हणते ना!"

तिनं टेप लावली. "पाठीची रुंदी अकरा. आई, हे छकुलीचं माप आहे."

छकुली माझी नात. सहा वर्षांची. पंधरवड्यापूर्वी मीच तिचा फ्रॉक बेतला होता.

सून रडायला लागली. माझं मात्र डोकं फिरलं. माझं कातडं, आणि माझ्या नातीच्या अंगावर? कुणाच्या बापाची टाप आहे!

ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री उचलली. बोटांची सालं गेलेली, नुसती आग. तरी तो तुकडा गळ्यापासून खालपर्यंत उभा कापला, मग आडवा. चिंध्या केल्या.

"घे," मी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले. "शिव आता!"

कोपऱ्यात काही हललं नाही. उशाशी माझे ठोके मोजणारं यंत्र तेवढं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "नवे चट्टे नाहीत. जिंकलात, आजी."

"हरले कधी होते?"

त्या गेल्या. मलम लावायला सुनेनं मला कुशीवर वळवलं आणि मलमाची डबी खाली ठेवली.

"बोल की."

"पाठीवर लाल रेघ उठतेय, आई. तोच गळा, तेच मुंढे."

"माप?"

टेपचं टोक गार लागलं.

"अकराच. पण दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच जास्तीचं सोडलंय."

वाढत्या पोरींच्या कपड्यात आम्ही सोडतो, तेवढंच.