तांब्याचं ठिगळ

"हात नको लावूस त्या होडीला! आईला गिळून पोट भरलं नाही का तुझं?"

धाकटी पायरीवरून कडाडली आणि ताईच्या हातातला तारेचा ब्रश जागच्या जागी थबकला. इतक्या वर्षांत हे शब्द ऐकायची तिला सवय झाली होती. पण सवयीचा झाला म्हणून घाव काय घाव राहत नाही...?

"एकच दिवस दे गं. गळती बुजली तर पुन्हा माणसं खाडीपलीकडे नेता येतील."

"तुझ्या होडीत बसणार कोण? उद्या भंगारवाला येतोय. मढ्याला पावडर लावली म्हणून ते उठून बसत नाही!"

दार धाडकन आपटलं.

ॲल्युमिनियमची ती छोटीशी होडी बाबांची. आईच्या छातीत कळ आली तेव्हा दवाखाना पलीकडच्या काठावर होता. अर्ध्या वाटेत तळातून पाणी भरू लागलं, बाबांना परत फिरावं लागलं, आणि आईने याच काठावर डोळे मिटले. आदल्या संध्याकाळी होडी वर ओढून ठेवायचं काम ताईचं होतं. ती विसरली होती! "रात्रभर दगडांवर आपटली, म्हणून फुटली," बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, आणि त्या एका वाक्याच्या ओझ्याखाली ताईचं सगळं तारुण्य दबून गेलं. चालून आलेलं स्थळ तिने परतवलं. प्रायश्चित्त म्हणून धाकटीच्या वेण्या घातल्या, तापात तिच्या उशाशी बसली. आणि ती पोर तिच्याच हातचं खाऊन मोठी झाली, पण तिच्याकडे कधी प्रेमाने पाहिलं म्हणून नाही...

ताईने होडी ठोकळ्यांवर सरळ ठेवली आणि बादल्या ओतून आत पाणी भरलं. गळती अशीच शोधायची असते: पाणी आत, माणूस खाली. खडू घेऊन ती तळाखाली सरपटली. दगडांचे पोचे होते, पण तिथे थेंबही नव्हता! पाणी पाझरत होतं ते एकाच जागी, डांबराच्या जाड थरातून. तिने पाणी काढून टाकलं, होडी पालथी घातली आणि डांबर खरवडलं. खाली तांब्याचं ठिगळ निघालं, तांब्याच्याच खिळ्यांनी ठोकलेलं. आई जायच्या आधी बाबांनी मोठ्या हौसेने मारलेलं! खिळ्यांभोवती पांढरी भुकटी साचली होती आणि बोट लावताच पत्रा वाळक्या पानासारखा चुरला.

सकाळीच पत्रा जोडायचे रिव्हेट देताना दुकानदार म्हणाला होता, "बाई, ॲल्युमिनियमजवळ तांबं-पितळ आणू नका हं. खाऱ्या पाण्यात तांबं याला खाऊन टाकतं."

म्हणजे... दगडांनी नव्हे! तिच्या विसरण्याने नव्हे!

ती धावतच दाराशी गेली. हाक ओठांवर आली होती. खिडकीतून बाबा दिसले, अधू डोळ्यांनी चहाचा कप चाचपडत होते. आपल्याच हातांनी आपण बायको गमावली, हे कळलं तर हा जीव एक रात्र तरी काढील का...? तिने हाक गिळली. परत येऊन छिन्नीने ठिगळ उपटलं आणि कचऱ्यात खोल पुरलं.

नवा पत्रा कापून, मागे चिकट लेप फासून ती रिव्हेट लावू लागली, तोच बाबा भिंत धरत आले.

"एकटीने बसतात होय रिव्हेट? आतून ठोकळा कोण धरणार, तुझा काका?"

"तुम्हाला दिसत नाही, बाबा."

"डोळे गेलेत. हात आहेत."

ते पालथ्या होडीखाली शिरले. बाहेरून ती हातोडी मारी, आतून ते लोखंडी ठोकळा दाबून धरीत. मध्ये फक्त एक पत्रा.

"इथलं ठिगळ काढलंस?" आतून आवाज घुमला.

"कुजलं होतं."

"तांब्याचं होतं ते."

हातोडी थांबली.

"लपवू नकोस, पोरी. मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"ती गेली त्याच आठवड्यात. होडी पालथी घातली तेव्हा ठिगळाखालचा पत्रा खाल्लेला दिसला... वरून डांबर फासलं."

"आणि मला...? मला का बोललात?"

"बोललो तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं गं. नंतर शब्द मागे घ्यायचा धीर झाला नाही. वाटलं, लहान आहेस, तुला लोक माफ करतील. मला कुणी केलं नसतं."

"मला तरी कुणी केलं, बाबा?"

आतून हुंदका आला. एरवी त्या हुंदक्याने ती विरघळली असती. आज नाही.

"बाहेर या आणि तिला सांगा."

"उद्या सांगतो..."

"आत्ता! नाहीतर मी या घरातून जाते."

गुडघ्यांवर रांगत बाबा बाहेर आले. त्यांनी धाकटीला हाक मारली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं, डांबरासकट. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, तुम्ही...?" एवढंच म्हणून ती वळली आणि अंगणातून धावत येऊन ताईच्या गळ्यात पडली. "मी काय काय बोलले गं तुला! मार मला, ताई, पण काहीतरी बोल!"

ताई उभीच राहिली. तिच्या उजव्या हातात हातोडी होती. हातोडी खाली ठेवून तो हात त्या थरथरत्या पाठीवर ठेवायचा, एवढंच तर करायचं होतं... तेवढं करायला तिला फार, फार वेळ लागला.